अर्धं तिकीट

"मोरी कुठं आहे?" मी विचारलं.

मुख्याध्यापक गडबडले. "मोरी? बाई, ही शाळा आहे."

"म्हणून तर विचारते. पोरं पाणी कुठं पितात, हात कुठं धुतात, आणि लागली तर जातात कुठं?"

माझा धाकटा भाऊ राजशेखर माझ्या मागं उभा राहून गळ्याशी आलेला घाम पुसत होता. दिवाळी होऊन गेली होती, घाम यावा असं ऊन नव्हतं. अंबू माझ्या पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. मुख्याध्यापकांनी आम्हाला मागच्या अंगाला नेलं. टाकी होती, तोटी होती, तोटीला पाणी नव्हतं. शाळेचं फाटक थेट हमरस्त्यावर उघडत होतं आणि कापसानं भरलेले ट्रक धडधडत चालले होते.

"ही नको," मी रस्त्यावर येऊन म्हटलं. "पोर मधल्या सुट्टीत बाहेर आली की ट्रकखालीच जायची."

राजू पाणी कुठं मिळतंय ते बघायला लागला. तो लहानपणापासून असाच. भांडायचं म्हटलं की त्याला आधी तहान लागते.

आमच्या मंगळवेढ्यात कुणाला मुलीचं नाहीतर मुलाचं स्थळ बघायला जायचं असलं की पहिला निरोप मला यायचा. गौराक्का बरोबर असली की फसगत होत नाही, असं लोक तोंडावर म्हणायचे. मागं काय म्हणायचे तेही मला ठाऊक आहे, पण निरोप द्यायला चुकायचे नाहीत. पाहुण्यांचे पोहे खाऊन होईपर्यंत मी त्यांची मोरी, मागचं दार, पोरीच्या टाचा आणि सासूच्या कपाळावरच्या आठ्या, सगळं बघून ठेवलेलं असायचं. खोड काढण्यात माझा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. म्हणूनच यवतमाळला पाऊल टाकल्याबरोबर राजू म्हणाला होता, "अक्का, माझ्या दोन्ही बायका तूच पसंत केल्यास. आता शाळाही तूच बघ."

पहिली बायको महानंदा. गुणाची पोर. अंबू पाळण्यात असतानाच कावीळ होऊन गेली. राजू टेलिफोन खात्यात, सोलापुरात एकटा राहणारा. मी विधवा, मूलबाळ नाही, घरात मी आणि भिंती. राजूनं पोर माझ्या ओटीत आणून टाकली आणि मी उचलली. आमच्यात आईला अव्वा म्हणतात. अंबू मला अव्वा म्हणायला लागली तेव्हा कुणी तिला टोकलं नाही, आणि मी तर कशाला टोकते.

दुसरी सरोजा, अक्कलकोटची. तिलाही मीच बघून आले होते. तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, "पोर आहे. सांभाळशील?" तिनं मान वर करून "हो" म्हटलं होतं. एवढ्या सरळ नजरेची मुलगी मी बघितली नव्हती, म्हणून पसंत केली. तेव्हा वाटलं होतं, सांभाळशील म्हणजे अधूनमधून. सोलापूर काय, एसटीनं गेलं की आलं. मग राजूची बदली झाली ती थेट यवतमाळला, आणि सरोजाच म्हणाली म्हणे, आता अंबूला आपल्याकडं आणू या, पहिलीतच तर आहे.

दिवाळीची सुट्टी संपता संपता मी पोरीला घेऊन आले ती अशी. आल्या दिवशीच मी राजूला बजावलं होतं, "पोरीला कुठल्याही शाळेत ढकलायला मी नाही आणली."

"तुला एकही पसंत पडली नाही," राजू म्हणाला होता, "तर यंदा परत ने तिला. पुढचं पुढं बघू."

राजूचं पुढचं पुढं कधी येत नाही, हे मला माहीत होतं. चहाचे कप घेऊन सरोजा दारात उभी होती. तिनंही ते ऐकलं. तिनं कप ठेवले आणि आत गेली.

आणि खरं सांगते, त्याच क्षणी माझा जीव भांड्यात पडला. शाळेत खोड काढायची, एवढंच तर करायचं होतं.

दुसरी शाळा चकचकीत होती. फरशी अशी की तोंड दिसावं. तिथं मोरीत खोड काढायला जागा नव्हती, म्हणून मी मनातून जरा धास्तावले होते. गळ्यात चष्म्याची दोरी अडकवलेल्या एका बाईंनी अंबूला जवळ बोलावलं.

"नाव काय तुझं, बेटा?"

अंबूची जीभ पहिल्या अक्षरावर अडायची. बोलायला लागली तेव्हापासूनची ती अडचण. अक्षर घशात धरून ठेवल्यासारखं व्हायचं, मान ताठ व्हायची, डोळे माझ्याकडं वळायचे.

"अं... अं..."

"अंबिका," मी म्हटलं.

"कितवीत आहेस?"

"प... प..."

"पहिलीत."

"जेवायला काय आवडतं?"

"दपाटी आणि दही," मी सांगून टाकलं. अंबूनं तोंडही उघडलं नव्हतं.

बाईंनी चष्मा डोळ्यावर चढवून माझ्याकडं बघितलं, मग राजूकडं. "मुलीला बोलता येत नाही का?"

"सगळं येतं तिला," मी उठलेच. "तुम्हाला ऐकता येत नाही. चल गं अंबू."

राजू मागून माफी मागत आला असणार. मी वळून बघितलं नाही. रागानं माझे कान तापले होते, खोटं कशाला बोलू; पण फाटकाबाहेर आल्यावर आत कुठंतरी उकळ्याही फुटत होत्या. दोन्ही शाळा गेल्या. राजू नुकताच राहायला आलेल्या कॉलनीच्या आसपास तिसरी त्याला ठाऊक नव्हती. मी मनातल्या मनात अंबूचे कपडे पिशवीत भरायला घेतले होते.

त्या संध्याकाळी सरोजानं कडक भाकरी केली होती, शेंगाची चटणी केली होती. यवतमाळात ज्वारीला आमच्या मंगळवेढ्याची चव कुठली, पण भाकरी पातळ आली होती. तिनं अंबूच्या ताटात वाढली आणि समोर बसून राहिली. अंबू माझ्याकडं सरकली. मी भाकरीचा तुकडा मोडून तिच्या हातात दिला तेव्हा ती खायला लागली.

"शाळा नाहीच मिळाली म्हणायची," सरोजा म्हणाली.

"अशी शाळा असती तर मी नको म्हटलं असतं का?"

"तसं नाही अक्का." ती ताटाच्या कडेनं बोट फिरवत होती. "मी खिडकीजवळची जागा तिच्या दप्तरासाठी रिकामी केली होती, म्हणून म्हटलं."

मी बघितलं. खिडकीजवळ एक लाकडी खोकं उलटं ठेवून त्यावर धुतलेला कपडा अंथरला होता. वाईट वाटलं. पण एवढं नाही की मी बेत बदलावा.

दुसऱ्या दिवशी राजू सकाळीच सोलापूरच्या गाडीची जागा धरायला स्टँडवर गेला. मी अंबूला आंघोळ घातली, कपाळाला विभूती लावली आणि रोजच्यासारखी तिला फिरवायला घेऊन निघाले. कॉलनीच्या मागनं एक पायवाट जाते. तिथं चालता चालता अंबूच्या चपलेचा अंगठा तुटला. पुढं एका कंपाउंडच्या भिंतीला टेकून एक म्हातारा चपला शिवत बसला होता.

"नवा अंगठा टाकावा लागते," तो म्हणाला. "थोडा टाइम लागन बाई. बसा सावलीत."

मी बसले. भिंतीपलीकडून पोरांचा आवाज येत होता, टाळ्या येत होत्या. अंबू अनवाणीच भिंतीच्या खिंडारातून आत डोकवायला लागली. मी म्हटलं, इकडं ये. ती आली नाही. मी उठून गेले तर ती आत शिरलेली, एका वर्गाच्या दाराशी उभी.

कौलारू, बसकी शाळा. अंगणात कडुनिंब. मी सवयीनं आधी बघितलं ते पाणी. माठ होते, माठांवर झाकणं होती, ओगराळं खुंटीला टांगलेलं होतं. मोरी कोरडी, नुकती घासलेली. फाटक आतल्या गल्लीत उघडत होतं, तिथं सायकलसुद्धा सावकाश जावी. खोड काढायला काही सापडेना.

वर्गात एक ठेंगण्या, सावळ्या बाई टाळी देत होत्या. अंगावर सुती पातळ, केसात आबोली. "नाव सांग गं, नाव सांग," त्या टाळीवर म्हणायच्या, आणि सगळी पोरं मिळून एकेकाचं नाव घ्यायची. "पिंकी हिचं नाव, पिंकी हिचं नाव." त्यांचं लक्ष दाराकडं गेलं.

"अगं, कोण आलं आपल्याकडे? या न बाई, आत या. नाव काय?"

प्रश्न मला होता की अंबूला ते कळायच्या आत मी तोंड उघडलंच होतं. बाईंनी हसून स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं, शाळेत लेकराला गप्प करताना ठेवतात तसं.

"तुमी नका सांगू जी. तिचं नाव हाय, तिले सांगू द्या."

अंबूची मान ताठ झाली. "अं... अं..."

आणि मग मी जे बघितलं ते आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. वर्गातल्या सगळ्या पोरांनी हाताची घडी घातली. कुणी सांगितलं नाही, कुणी हसलं नाही, कुणी पुढचं अक्षर पुरवलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका शेंबड्या पोरीनं तर डोळेही मिटून घेतले. सगळे थांबले. बाई खडू हातात धरून थांबल्या. अंबूनं माझ्याकडं बघितलं. शब्द माझ्या जिभेवर होता. अंबिका. एवढाच तर शब्द. तो मी गिळला.

"अं... अं... अंबिका," अंबू म्हणाली.

टाळी पडली. "अंबिका हिचं नाव, अंबिका हिचं नाव." सगळा वर्ग म्हणत होता आणि दुसऱ्या फेरीला अंबूही त्यांच्यात म्हणायला लागली. टाळीबरोबर तिची जीभ सरळ चालत होती. ती कुठं अडत नव्हती.

"आमच्या इथं हाच नियम हाय," बाई मला म्हणाल्या. "कोणी अडलं की हाताची घडी. ज्याचा शब्द त्यानंच सांगाचा. आमचा गणू पहिले हप्ताभर 'हजर' म्हणायले अडत होता, आता गप्प बसवावं लागते त्याले."

मंगळवेढ्याच्या शाळेत मी सुरुवातीला रोज ओसरीवर बसून राहायची. गुरुजींनी अंबूला विचारलं की मी खिडकीतून उत्तर द्यायची. गुरुजी हसायचे, पोरं हसायची, मला वाटायचं पोरीचा वेळ वाचवला. पोरीला भूक लागली, ती "भ" म्हणाली की ताट. "प" म्हणाली की पाणी. माझ्या घरात तिला आख्खा शब्द लागतच नव्हता.

परत येताना अंबू नव्या अंगठ्याची चप्पल फटफट वाजवत चालत होती आणि टाळी देत होती. मी मागून चालत होते. त्या पायवाटेवर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. ती शाळा मी बघितली हे राजूला ठाऊक नव्हतं, सरोजाला ठाऊक नव्हतं, आणि अंबूनं सांगायचं म्हटलं तर ती "शा" म्हणाली की पुढचा शब्द मीच पुरा करणार होते. शाल म्हणाले असते, शाबूदाणा म्हणाले असते. कुणी मला विचारणार नव्हतं. गप्प बसायचं, तेवढंच. आयुष्यभर मला जे कधी जमलं नाही ते एकदा जमवायचं, आणि पोर माझी.

घर येऊ नये असं वाटत होतं. आलंच.

राजू आधीच येऊन बसला होता. "जागा मिळाली अक्का. उद्या दुपारची गाडी. एक तुझं, एक अंबूचं अर्धं." त्यानं तिकिटं माझ्या हातात दिली. सरोजा तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, पण वर बघितलं नाही.

अंबू माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिला काहीतरी सांगायचं होतं. "शा... शा..."

राजूनं माझ्याकडं बघितलं. घरात सगळ्यांना तीच सवय, अंबू अडली की माझ्याकडं बघायचं. मी जागच्या जागी हाताची घडी घातली. आवळून घातली.

"शा... शाळेत माझं नाव घेतलं," अंबू म्हणाली. "सगळ्यांनी."

"कुठल्या शाळेत?" राजू म्हणाला.

"मागच्या गल्लीत आहे," मी म्हटलं. "कौलारू."

"मग? कशी आहे?"

मी खोड शोधली. देवाशप्पथ सांगते, तेव्हासुद्धा शोधली. कौलं जुनी होती, भिंतीला खिंडार होतं, बाईंचं बोलणं आपल्यासारखं नव्हतं. पोर उद्या घरी येऊन 'मले' 'तुले' म्हणायला लागली असती. एवढंही पुरलं असतं राजूला.

"अर्धं तिकीट परत कर," मी म्हटलं.

राजूला उलगडा व्हायला वेळ लागला. सरोजाला नाही लागला. ती उठून आत गेली आणि स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. मी मागं गेले. ती ओट्याला धरून रडत होती. मला वाटलं होतं ती आनंदानं रडत असेल, पण तसं नुसतं नव्हतं.

"अक्का, ती माझ्याकडं बघतसुद्धा नाही," ती म्हणाली. "मला तिचं काहीच कळत नाही. ती अडली की पुढं काय म्हणणार ते तुम्हाला कळतं. मला कुठं कळतं?"

"कळत नाही ना? मग झालं तर."

तिनं डोळे पुसून माझ्याकडं बघितलं.

"तुला कळत नाही म्हणून तू थांबशील," मी म्हटलं. "मला कळतं म्हणून मला थांबता येत नाही. ती अडली की शब्द पुरा करू नको. कितीही वेळ लागू दे, जेवण गार होऊ दे. हाताची घडी घालायची आणि थांबायचं. एवढं केलंस तर मी समजेन की मी तुला बघायला आले ते चुकलं नाही."

सरोजा वाकून माझ्या पाया पडली. मी तिला उठवलं. माझे डोळे कोरडे होते. तेव्हाच भरून आलं असतं तर बरं झालं असतं, पण रडणं माझ्या वेळेवर कधी येत नाही.

रात्री अंबूला कुशीत घेऊन मी तिला शिकवलं. "उद्या शाळेत विचारतील, बरोबर कोण आलंय. तर अव्वा म्हणायचं नाही. आत्या म्हणायचं. घरात आहे ती आई. मी आत्या."

"का?"

"कारण मी तुझ्या बाबांची बहीण आहे. बाबांच्या बहिणीला आत्या म्हणतात."

"आधी न... नव्हतीस?"

"आधीपण होते. तुला सांगायचं राहून गेलं."

तिनं थोडा वेळ विचार केला आणि झोपली. मी तिच्या केसांचा वास घेत पडून राहिले. मनात एकच होतं. उद्या पोरगी विसरू दे. एवढीशी पोर, एका रात्रीत थोडीच लक्षात राहतंय. तिच्या तोंडून सगळ्यांसमोर एकदा अव्वा निघू दे, मग मी सुखानं जाईन.

सकाळी आम्ही चौघं गेलो. राजूनं नवं दप्तर घेतलं होतं, ते सरोजाच्या खांद्यावर होतं. अंबूच्या कपाळाला मी विभूती लावली तेव्हा सरोजाला बोलावून दाखवलं, तीन बोटं कशी ओढायची ते. बाई दारातच होत्या. त्यांनी अंबूला वर्गासमोर उभं केलं. पोरं पाटीवरून मान वर करून बघायला लागली.

"आज अंबिका आपल्यात आली," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडं हात करून त्यांनी अंबूला विचारलं, "आणि ह्या कोण गं तुझ्या?"

अंबू वळली. तिनं माझ्याकडं बघितलं. मान ताठ झाली.

"अ... अ..."

वर्गानं हाताची घडी घातली. सरोजानं घातली. राजूनंही, काही न समजता, घातली. मीही घातली. माझं सगळं काळीज कानात गोळा झालं होतं. ते अक्षर कुठल्याही बाजूला जाऊ शकत होतं. अव्वा म्हण, माझं मन म्हणत होतं, म्हण गं एकदा. माझ्या नुसत्या ओठांच्या हालण्यानंसुद्धा तिनं ते म्हटलं असतं, एवढी ती माझ्या तोंडाकडं बघून बोलणारी पोर. मी ओठ मिटून घेतले.

"अ... आ... आत्या," अंबू म्हणाली. "माझी आत्या."

आणि तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं अवघड गणित बरोबर आलं की पोरं बघतात. मी मान हलवली. बरोबर, म्हटलं. शाब्बास.

बाईंनी टाळी दिली. सगळा वर्ग उठून उभा राहिला आणि एका सुरात म्हणाला, "नमस्कार आत्या, नमस्कार आत्या."

त्या एवढ्या आवाजांत अंबूचा आवाज मला वेगळा ऐकू येत होता. तो कुठंही अडत नव्हता.